बिनपेन्सिलचे चेहरे

माझी नात तिच्या मोबाइलवर स्वतःचे फोटो टाकते. टाकते म्हणजे नक्की कुठे टाकते ते मला अजून कळलेलं नाही, पण टाकले की जगभरातल्या पोरी ते बघतात एवढं कळलं आहे. परवा तिनं मला करून दाखवलं. एक बोट फिरवलं की चेहरा गोरा होतो, दुसरं फिरवलं की नाक सरळ होतं. "आणि हे आम्ही वापरत नाही, आजोबा," ती म्हणाली. 'आम्ही' म्हणजे ती आणि मनिला, कोलंबो, क्वालालंपूर अशा कुठल्या कुठल्या गावच्या तिच्या मैत्रिणी. या सगळ्या आपापले चेहरे जसेच्या तसे टाकतात, आज्यांचे दागिने आणि लुगडी घालून टाकतात आणि एकमेकींची पाठ थोपटतात. तिला वाटतं, हे जगात पहिल्यांदाच होतंय. मी म्हटलं, "बाळ, हे नागपुरात इतवारीत होऊन गेलंय. मी वरच्या खोलीत राहत होतो." तिनं मोबाइलमधून मान वर केली नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

इतवारीतल्या लांजेवार फोटो स्टुडिओच्या वरची खोली मी भाड्यानं घेतली तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. पोस्टात नवा कारकून, मूळचा नाशिककडचा, नागपूरच्या उन्हाचं फक्त नाव ऐकलेला. स्टुडिओ चंद्रकलाबाई लांजेवार चालवत. नवरा फोटोग्राफर होता, तो चाळिशीतच गेला. लोकांना वाटलं, बाई आता कॅमेरा विकून माहेरी पारशिवनीला जाणार. बाईंनी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फळ्या काढल्या, कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घातलं आणि पहिल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "तोंड जागेवर ठेवा." त्यानंतर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. फोटो काढणारी बाईच आहे म्हटल्यावर ज्यांच्या घरच्या बायका परक्या पुरुषापुढे बसत नसत, तेही लेकीसुना घेऊन येऊ लागले.

बाई ठेंगण्या होत्या, अंगानं भरलेल्या आणि चांगल्या काळ्या. मी 'सावळ्या' लिहिणार होतो, पण त्यांनी ते खपवून घेतलं नसतं. बोटांवर औषधांचे पिवळे डाग, पदर कमरेला खोचलेला आणि उजव्या कानावर पेन्सिल. त्यांना माणसाचा चेहरा साधा दिसतच नसे. नमस्कार करण्याआधी त्या तुमच्याभोवती अर्धी फेरी मारत. पहिल्या दिवशी मी डिपॉझिट द्यायला गेलो तर मला म्हणाल्या, "डावा गाल चांगला हाय तुमचा. उजव्याचं काही खरं नाही." आजतागायत मी फोटोला डावा गाल देतो.

बोलणं सगळं हुकमाचं. बसा, वळा, हनवटी खाली, श्वास सोडा. फौजदार आला तरी तेच आणि नवरी आली तरी तेच. मे महिन्यात मात्र त्यांचा दरारा वितळत असे. नागपूरच्या उन्हाळ्यात डार्करूममधलं पाणी इतकं तापे की निगेटिव्हवरचा मसाला साय सुटल्यासारखा सुटून यायचा. म्हणून बाई रोज सकाळी बर्फाची अर्धी लादी मागवत. तिच्यातला एक तुकडा फोटोंच्या औषधाला आणि बाकीचा पंक्तीला वाढल्यासारखा सगळ्या चाळीला. आम्ही सगळे त्याला 'फोटोचा बर्फ' म्हणायचो आणि त्याच बर्फाचं पन्हं प्यायचो.

पण बाईंची खरी कीर्ती पेन्सिलीची. नवरा होता तेव्हा तो फोटो काढायचा आणि बाई माडीवर खिडकीशी बसून निगेटिव्हवर हात फिरवायच्या. लाकडाचा उतरता डेस्क, त्यात दुधी काच, खाली आरसा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं तिच्यावर बारीक बारीक गिरवायचं. निगेटिव्हमध्ये सगळा उलटा कारभार. तिच्यावर जितकं शिसं घासाल, तितका माणूस कागदावर गोरा. देवीचे व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं, उन्हात रापलेलं कपाळ, सगळं त्या पेन्सिलीखाली जायचं. सगळ्या शहरात त्यांच्यासारखा हात नव्हता. लग्नाच्या मुलीचा फोटो म्हटला की लोक कन्हानहून, वाडीहून, थेट इथे यायचे. सरळ कुणी काही मागत नसे. मुलीचा बाप जाता जाता दारात थांबून म्हणायचा, "बाई, जरा साफ करजा." बाई मान हलवायच्या आणि मुलगी दोन दिवसांत साफ व्हायची.

त्या पेन्सिलीचा मी स्वतः लाभार्थी आहे. माझं लग्न जमवायचं होतं तेव्हा बाईंनी माझा फोटो काढला. तो पाहून मीही थोडा वेळ भारावलो होतो. तो अमरावतीला गेला, पसंत झाला, लग्न झालं. आठव्या दिवशी माझी बायको मालती तो फोटो हातात घेऊन बाईंकडे गेली आणि म्हणाली, "बाई, हे कोणत्या खोलीत राहतात? मले चुकीच्या माणसासंग लावून देलं वाटते." बाई हसून हसून खुर्चीत बसल्या. त्या वेळी आम्हा सगळ्यांनाच ती गंमत वाटली होती.

पुढच्याच वर्षी वेणू आली.

मी त्या दिवशी बाईंची मनीऑर्डर द्यायला खाली गेलो होतो. कन्हानकडची एक मुलगी, एकोणीस-वीस वर्षांची, एकटीच दुकानात शिरली. उंच, सडसडीत, कोळशाच्या खाणीतल्या कामगाराची लेक, मास्तरणीचं शिक्षण घेत असलेली. हे सगळं नंतर कळलं. तिनं पिशवीतून एक फोटो काढला आणि काउंटरवर ठेवला.

"ही कोन हाय बाई?"

बाईंनी पाहिलं. "तू तं हायेस वं. मीच काढला होता. नत्थूजीची पोरगी ना तू?"

"मी?" वेणूनं फोटो उचलून आपल्या गालाला लावून धरला. "आता पाहा बरं नीट."

फोटोतली मुलगी देखणी होती. तिचे डोळे वेणूचे होते, हनवटी वेणूची होती. पण ती वेणूची एखादी गोरीपान धाकटी बहीण असावी तशी दिसत होती.

"पाहुन्यांनी हिले पसंत केलं होतं," वेणू म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता. "परवा आले पाहाले. मी पोहे घेऊन गेली. त्यांच्या आत्यानं बटव्यातून फोटो काढला, माह्या तोंडाजवळ धरला अन् म्हने, ही थे पोरगी नोहे. म्हने, दाखवाची एक अन् गळ्यात बांधाची दुसरी, हा धंदा हाय काय तुमचा? चार लोकांत माह्या बापाले फसव्या म्हनलं. आमच्या घरात दुसरी पोरगीच नाही, हे सांगूनबी कोनी आयकलं नाही. म्हनून इचाराले आली. ही कोन हाय, कुठं राह्यते, सांगा मले. मले भेटाचं हाय तिले. तिच्यापाई माहा बाप दोन दिवस झाले मान वर करून नाही राहिला."

   बाईंनी कानावरची पेन्सिल काढली, गल्ल्यात टाकली आणि म्हणाल्या, "आत ये. बस."

"आता काय मेमसाब बनवता?"

"बस म्हनलं ना वं पोरी. जशी हायेस तशी काढीन."

काढते म्हणाल्या खऱ्या, पण ते बाईंना येईना. त्यांनी पहिली प्लेट, म्हणजे काचेची निगेटिव्ह, काढली, लगेच डार्करूममध्ये जाऊन धुतली आणि ओलीच उजेडात धरून पाहिली. निगेटिव्ह वाचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. चेहऱ्याच्या जागी नुसती पारदर्शक काच होती, म्हणजे कागदावर दोन डोळे, दातांची ओळ आणि भोवती अंधार. दुसरी प्लेट तशीच. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊ, अठरा वर्षं झाली हे काम करून राहिली, अन् काळं मानूस मले काढताच नाही येत गा. मी सोता काळी अन् मले येत नाही." डोळ्यांत पाणी होतं. मी बाईंना रडताना तेवढंच पाहिलं.

मग त्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. स्टुडिओतले दिवे विझवले. बंगल्याच्या पायऱ्या आणि हंस रंगवलेला पडदा गुंडाळला. वेणूचं स्टूल उचलून मागच्या दाराशी, अंगणाच्या उजेडात मांडलं. मला माडीवर पिटाळून आमच्या पलंगावरची पांढरी चादर मागवली आणि ती मला हातात ताणून धरायला लावली, म्हणजे उजेड तिच्यावरून उलटून वेणूच्या गालावर पडेल. तेवढ्यानंही समाधान झालं नाही. आरशापुढे पावडरचा डबा असायचा, तो त्यांनी बाजूला सारला, घरातून खोबरेलाची बाटली आणली आणि वेणूच्या गालफडांना, कपाळाला, नाकाच्या शेंड्याला बोटभर तेल चोळलं. आईनं न्हाणीत चोळावं तसं. वेणू थकली होती, चिडली होती, पण तेल लावताना तिनं डोळे मिटले. बाई काळ्या कापडाखाली गेल्या.

"तोंड जागेवर ठेव."

"जागेवरच हाय," वेणू म्हणाली, आणि बाईंनी तेवढ्यात बटण दाबलं.

वेणू फोटोसाठी थांबली नाही. बाई म्हणाल्या, "कागदावर आला की चिठ्ठी पाठवीन, घेऊन जाजो."

"नको. फोटोतलं तोंड पाहाचं नाही मले आता."

"मंग शोकेसात लावू काय?"

वेणू पहिल्यांदाच हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "लावा ना. मले कोन ओळखते त्याच्यात!"

तो फोटो मी तिसऱ्या दिवशी पाहिला. मला फोटोतलं काही कळत नाही. पण ती मुलगी त्या कागदातून कुणाला तरी ठणकावून उत्तर देणार होती, असं वाटत होतं. रंग तिचाच होता, आणि त्या रंगावर उजेड असा पसरला होता की तुम्ही रंगाकडे पाहतच राहावं. मालतीनं तो खिडकीशी उजेडात नेऊन पाहिला. मग म्हणाली, "मायबाई, किती सुंदर हाय ही."

बाईंनी तो शोकेसमध्ये वर डाव्या कोपऱ्यात लावला, कन्हानला वेणूच्या पत्त्यावर एक कार्ड टाकलं आणि पेन्सिल बंद करून टाकली. नुसती बाजूला नाही ठेवली. गिऱ्हाइकानं "जरा साफ करजा" म्हटलं की त्या सांगत, "साफ पाहिजे तं घरून तोंड धुऊन या." त्या साली लग्नसराईत स्टुडिओत चिमण्या उडत होत्या. वधूंचे बाप दुकानापर्यंत येत, शोकेसमधल्या वेणूकडे बघत आणि पुढच्या चौकातल्या स्टुडिओत जात. बाईंनी गिरणी कामगारांचे ओळखपत्राचे फोटो काढून ते दिवस ढकलले. मी एकदा अक्कल शिकवायला गेलो. म्हटलं, बाई, निदान तो एक फोटो तरी शोकेसमधून काढा. त्यांनी माझ्याभोवती अर्धी फेरी मारली आणि म्हणाल्या, "तुमचा थो लग्नाचा फोटो वापस आना. खोटा माल हाय, बदलून देईन." मालती वरून ओरडली, "मी नाही देणार! तेवढंच एक स्थळ मले पसंत पडलं होतं."

एक दिवस नत्थूजी आले. वेणूचे वडील, धोतर, काळी टोपी, अत्यंत सज्जन माणूस. हात जोडून म्हणाले, "बाई, लग्नाची पोरगी हाय. चव्हाट्यावर तिचा फोटो शोभत नाही. काढून टाका."

बाई म्हणाल्या, "वेणू म्हनन तं आत्ता काढीन."

"मी बाप हाय तिचा."

"तुमचं तोंड राह्यतं तं तुमाले इचारलं असतं."

नत्थूजी गेले.  आठ दिवसांनी नत्थूजी परत आले आणि दारातूनच म्हणाले, "राहू द्या म्हनते."

"अन् पाहाले कधी येते?"

"थे नाही येत म्हनते." एवढं बोलून ते शोकेससमोर थांबले, टोपी सारखी केली आणि आपल्या लेकीकडे बघत राहिले. मी पोस्टात निघालो होतो, म्हणून मला दिसलं.

तेव्हापासून बाईंचा नेम झाला. दर शनिवारी संध्याकाळी शोकेस उघडायची, काच पुसायची, वेणूचा फोटो पुसायचा आणि मला विचारायचं, "कन्हानची चिठ्ठी आली काय गा भाऊ?" सगळ्या नागपूरचं टपाल जणू माझ्याच खिशातून जात होतं. मी नाही म्हणायचो. फोटो तिथेच राहायचा. ज्या मुलीचा चेहरा आपण तिच्यापासून तोडला, तिनं येऊन तो एकदा आपला म्हणावा, एवढंच बाईंना हवं होतं. बाकी दुकान चालो न चालो.

दुकान मात्र चाललं, आणि ते शेवंताबाईमुळे. ही संत्र्याच्या बाजारात टोपल्या उचलणारी हमाल बाई, पन्नाशीची, आवाज असा की बोली लावणारे गप्प व्हावेत. ती एका दुपारी डोक्यावर चुंबळ तशीच ठेवून आत शिरली आणि म्हणाली, "बाहेर थे पोरगी लावली ना, तसं माहं तोंड निंघन काय?"

"तसं नाही निंघनार," बाई म्हणाल्या. "तुहं निंघन."

त्या शनिवारी शेवंताबाई चुंबळीसकट वेणूच्या शेजारी लागली. रविवारी सकाळी संत्रा बाजार अर्धा रिकामा होऊन आमच्या दारात उभा होता. बायका काचेला नाक लावून बघत होत्या, आणि शेवंताबाई बाजूला उभी राहून, आपण त्या गावच्याच नाही असा चेहरा करून, सगळं ऐकत होती.

मग रीघ लागली. गोळीबार चौकातला एक कोष्टी आपण स्वतः विणलेलं लुगडं बायकोला नेसवून घेऊन आला आणि म्हणाला, काठ पुरा दिसला पाहिजे. इंदोऱ्यातून पांढऱ्या लुगड्यातली एक आजी आली, मॅट्रिक झालेल्या नातीचा हात धरून. पारशिवनीकडचं एक शेतकरी जोडपं आलं. त्यातल्या बाईनं ट्रंकेतली गाठी, गोठ, पाटल्या सगळं अंगावर चढवलं होतं आणि ती म्हणत होती, माझ्या सासूनं हे घालून कधी फोटो काढला नाही, तिला वाटायचं असे दागिने शहरात हसण्यावारी जातात. यांच्या घरी फोटो लागायचा तो माणूस मेल्यावर, हार घालून. ते आता जिवंतपणी, भर इतवारीत, रस्त्यावर लागू लागले. बाई दर शनिवारी फोटो बदलत, उतरलेला फोटो ज्याचा त्याला देत. "या हप्त्यात कोन लागलं?" हा प्रश्न आमच्या भागात पानठेल्यापासून नळापर्यंत ऐकू येई. ज्याचा फोटो लागला त्याच्या घरचे आठवडाभर ताठ चालत. मीही एकदा, नव्यानं काढलेल्या खऱ्या चेहऱ्यानं, खालच्या रांगेत लागलो होतो. पोस्टमास्तर मुद्दाम येऊन बघून गेले.

शहरातल्या हौशी फोटोग्राफरांनी सीताबर्डीला प्रदर्शन भरवलं तेव्हा बाईंनी शेवंताबाईचा फोटो पाठवला. तसबीर उचलायला मी. परीक्षक एक वयस्क गृहस्थ होते. ते फोटोपुढे थांबले, मान वाकडी केली आणि म्हणाले, "विषय चांगला आहे. पण एक्सपोजर कमी पडलं. चेहरा उजळ यायला हवा होता."

"साहेब, उजेड बरोबर हाय," बाई म्हणाल्या. "बाईच अशी हाय. आनू काय आत? दारात उभी हाय."

खरोखरच शेवंताबाई स्वतःचा फोटो बघायला आली होती आणि चपला कुठे काढायच्या म्हणून दारात अडली होती. परीक्षक बाहेर गेले, तिला पाहिलं, आत येऊन चष्मा लावला आणि फोटो पुन्हा पाहिला. बक्षीस त्यांनी दिलं नाही. पण पुढच्या महिन्यात ते आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन स्टुडिओत आले, आणि बाईंनी त्यांना आईच्या बाजूला चादर धरून उभं केलं.

कुठल्याशा गोरं करणाऱ्या क्रीमचा एक विक्रेताही एकदा आला होता. टाय घातलेला, घामानं निथळणारा, बगलेत पुठ्ठ्याची पुरुषभर उंच गोरी बाई. ती शोकेसमध्ये उभी करायची, बदल्यात कंपनी दुकानावर विजेची पाटी लावून देणार. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग त्याला पाणी दिलं, त्याच्याभोवती अर्धी फेरी मारली आणि विचारलं, "तुमचा फोटो कधी काढला होता?" तो बिचारा आमच्याहून काळा. म्हणाला, माझा कशाला. बाईंनी त्याला बसवला, तेल लावलं, काढला. चार दिवसांनी तो फोटो न्यायला आला तेव्हा टाय नव्हता. फोटो बघत बघत गेला आणि पुठ्ठ्याची बाई न्यायची विसरला. ती पुढे कित्येक वर्षं आमच्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून पालथी पडलेली होती.

हे सगळं होत होतं, बाई खूश होत्या, हे मी डोळ्यांनी पाहत होतो. तरी शनिवारचा प्रश्न चुकला नाही. वेणू मास्तरीण झाली, तिकडच्याच शाळेत लागली, हे नत्थूजींकडून कळलं. त्याच शाळेतल्या एका मास्तरनं तिला मागणी घातली. बाईंनी लगेच विचारलं, "फोटो मागतला काय त्यानं?" नत्थूजी म्हणाले, "फोटो काहून मागन? रोजच पाहून राहिला होता." बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी दुकानात आलेल्या प्रत्येकाला ते ऐकवलं. लग्नाला बोलावणं होतं. कॅमेरा घेऊन येऊ का, असा निरोप बाईंनी पाठवला. वेणूचं उत्तर आलं, तुम्ही या, कॅमेरा नको. बाई गेल्या, जेवल्या, साडीचोळी देऊन आल्या. फोटोची गोष्ट दोघींनीही काढली नाही.

माझी बदली चांद्याला झाली तेव्हा वेणूचा फोटो शोकेसमध्ये लागून सात वर्षं होत आली होती. त्यानंतर मी बाईंना पुन्हा पाहिलं नाही. दिवाळीला कार्डं येत जात होती, ऐंशी सालानंतर कधीतरी ती थांबली आणि काय झालं असेल ते मी समजलो. माझ्या डोळ्यांपुढे आहे तो आम्ही निघालो तोच दिवस.

शनिवारच होता. सामान दोन रिक्षांवर चढत होतं, मालती वरून याद्या ओरडत होती आणि बाई नेमाप्रमाणे शोकेस उघडून पुसत होत्या. त्यांची नजर तोवर बरीच कमी झाली होती, बारीक कामानं दुसरं काय होणार. रस्त्याच्या पलीकडे एक बाई तीनेक वर्षांच्या मुलीचा हात धरून उभी होती. ती पुढे येत नव्हती आणि जातही नव्हती. पोरीनं हिसका देऊन हात सोडवला, एका सायकलवाल्याला चुकवून धावत अलीकडे आली आणि शोकेससमोर मान वर करून उभी राहिली.

"आई," ती म्हणाली.

बाईंना वाटलं, पोर चुकली. "कोनती वं तुही आई? कुठं हाय?"

पोरीनं चवड्यांवर उभं राहून वरच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट केलं. "थे. थे आई."

बाईंच्या हातातलं फडकं खाली पडलं. वेणू रस्ता ओलांडून आली होती. मुलीला हटकायला म्हणून आली, आणि समोर फोटो. तिनं तो पहिल्यांदाच पाहिला. मी रिक्षापाशी उभा होतो, मला तिचा चेहरा दिसत होता आणि काचेतलाही दिसत होता. 

"अशी हाय काय मी?" तिनं विचारलं.

"अशीच होती. आता जराशी जाड झालीस."

वेणू हसली, आणि हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "मी काहीच नाही सांगतलं हिले. देवाशप्पथ. हिनंच ओळखलं."

बाईंनी फोटो खाली काढला. सात वर्षांत त्या जागेवर शोकेसच्या मागच्या कागदाचा रंग वेगळा पडला होता. तो त्यांनी पदरानं पुसला, वेणूच्या हातात दिला, आणि पायरीवर बसून पोरीला मांडीवर घेतलं. रिक्षावाला घाई करत होता. आम्ही वळणापर्यंत गेलो तेव्हा मी मागे पाहिलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि बाई पायरीवरून हलायचं नाव घेत नव्हत्या. त्या पोरीला पुन्हा पुन्हा 'कोनती वं तुही आई?' विचारत होत्या, आणि पोरगी दर वेळी फोटोवर बोट टेकवून, न कंटाळता, तेच उत्तर देत होती.